मोठ्या मायची चार मतं

गोंदिया जिल्ह्यात जाऊन आले असं सांगितलं की पुण्याच्या वसतिगृहातल्या मुली लगेच विचारतात, नागझिऱ्यात वाघ दिसला का? नागझिऱ्याला मी गेलेच नाही. मी गेले होते देवरी तालुक्यातल्या एका टोल्यावर. टोला म्हणजे मोठ्या गावापासून जरा लांब असलेली वस्ती. माझ्या खोलीतली मैत्रीण ममता उईके तिथली. तिची आई ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभी होती आणि ममता मत द्यायला घरी निघाली होती. मी सोबत गेले.

त्याला एक निमित्तही होतं. आमच्या राज्यशास्त्राच्या वर्गात चर्चा झाली होती, सामान्य मतदाराला शासनव्यवस्था कितपत कळते. बहुतेकांचं म्हणणं पडलं की काही कळत नाही. मी काहीच बोलले नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. वडील गवंडीकाम करतात, आई त्यांच्याच हाताखाली. आमच्याकडे, सोलापूर जिल्ह्यात, मतदानाच्या दिवशी दादा, म्हणजे माझे वडील, सकाळी चिन्ह सांगतात आणि घरातले सगळे ते लक्षात ठेवून जातात. आईला कितपत कळतं हे मी तिला कधी विचारलेलं नव्हतं. वर्गात मात्र तिचीच आठवण येत राहिली.

गोंदिया ते देवरी

गोंदिया स्टेशनवर उतरले आणि क्षणभर वाटलं, महाराष्ट्र मागेच राहिला. रिक्षावाला, चहावाला, फळवाली, सगळे हिंदीत. ममता चटकन त्या भाषेत गेली. मी चहावाल्याला मराठीत "दोन चहा" म्हटलं तर तो म्हणाला, "दो कट ना? देतो ना बाई." एका वाक्यात दोन्ही भाषा मिळाल्या.

आमगावच्या पुढे बस रानाला लागली. धान कापून झालेले होते. बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या छोट्या शेतांमध्ये, धानाचे पुंजणे रचून ठेवलेले, लांबून झोपड्यांसारखे दिसणारे. आणि पाणी! आमच्याकडे डिसेंबरात विहिरीत डोकावून बघावं लागतं. इथे दर थोड्या अंतरावर तलाव, नाहीतर त्याची धाकटी बहीण, बोडी. "एवढं पाणी कुणाचं?" मी विचारलं. ममता हसली. "ज्याच्या शेताजवळ आहे त्याचं. आणि आमची बोडी टोल्याची."

देवरीहून काळीपिवळी जीपने मोठ्या गावापर्यंत आणि तिथून नाला ओलांडून पायी टोल्यावर. शेवटच्या बांधावरून माझा पाय घसरला आणि मी एका पायाने गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. कापणी झाली तरी बांधी ओली असते, कारण उभ्या धानातच लाखोळी नावाचं कडधान्य पेरलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. अशा अवतारात मी ममताच्या अंगणात पोचले.

अंगण एक आणि चुली दोन. एका चुलीशी ममताची आई, यशोदामावशी. बारीक, कमी बोलणारी बाई. दुसऱ्या चुलीशी तिची थोरली जाऊ, जिला ममता मोठी माय म्हणते. मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून बोडीच्या पलीकडे जाईल असा. तिने माझा चिखलाचा पाय पाहिला, मग मला पाहिलं.

"हे पुण्याची पोट्टी? तिकडं काही खायले भेटते का नाई?"

मी घरून आणलेल्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. तिने भाकरी हातात धरून वाजवून पाहिली. "हे तं पापड हाय वो," म्हणाली आणि माशाच्या रश्शात बुडवून चवीने खाल्ली. मला तिने भात, बोडीतले मासे आणि लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी वाढली. ज्वारीवर वाढलेल्या माणसाला तीन वेळा भात खाऊनही जेवल्यासारखं वाटत नाही, हे तिला सांगायची मला भीड वाटली. चौथ्यांदा तिने न विचारताच वाढला.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी लक्षात आली. दोन चुलींमध्ये दहा पावलांचंही अंतर नसेल, पण निवडणुकीचा विषय एका चुलीवरून दुसऱ्या चुलीकडे जात नव्हता. मावशी छत्री चिन्हाचे कागद घेऊन घरोघर जायची. मोठ्या मायच्या दारावरून मात्र मान खाली घालून पुढे निघायची.

बोडीवर

दुसऱ्या दिवशी बोडीवर कपडे धुताना ममताने सांगितलं. मागच्या वेळीही तिची आई उभी होती. वॉर्ड असा आहे की त्यात हा टोला आणि नाल्यापलीकडच्या मोठ्या गावाचा एक भाग येतो. टोल्याचा माणूस पंचायतीत कधीच निवडून गेलेला नाही. त्या वेळी टोल्याने एकमताने यशोदाचं नाव ठरवलं, आणि मतदानाहून आल्यावर मोठी माय भर अंगणात म्हणाली, म्या निळी बटन दाबली आन् आलो. इकडे बायाही बोलताना आलो, गेलो असंच म्हणतात.

"मशीनवरचा निळा कागद सरपंचाचा असतो," ममता म्हणाली. "मायचं नाव हिरव्या कागदावर, आदिवासी महिलेच्या जागेवर. शिवाय पिवळा आणि पांढरा. चार ठिकाणी दाबायचं असतं. मोठ्या मायने एकच दाबलं. साहेब म्हणाले, बाई, आणखी दाबा. तर ही म्हणते, मले तशी बाई समजला का?"

तिच्या मागोमाग रांगेत असलेल्या म्हाताऱ्या बायांनीही तेच केलं, कारण त्या सगळं तिच्या मागोमागच करतात. यशोदामावशी थोडक्यात पडली. इतक्या थोडक्यात की त्या बायांची मतं मिळाली असती तर आली असती. तेव्हापासून मावशीच्या मनात एकच बसलं आहे. माझ्या नावापाशी येऊन हिचा हात थांबला.

"मग तिला विचारलं का नाही?"

"माय म्हणते, घरच्या बाईले मत मागायचं म्हणजे भीक मागायची. कळलं पाहिजे तिले."

मला वाटलं, हे तर सोपं आहे. नियम समजावून सांगितला की झालं. दुपारी मोठी माय सुपात धान पाखडत होती. मी शेजारी बसले आणि आमच्या पुस्तकातल्यासारखं सांगायला लागले. वॉर्डात सदस्यांच्या तीन जागा, सरपंचाची एक, प्रत्येक जागेसाठी मतदाराला एक मत.

"म्हणजे मले चार?"

"हो, चार."

"आन् तुले?"

"मलाही असतात. माझ्या गावात."

"शिकलेल्याइचं असंच रायते," ती सूप झटकत म्हणाली. "एकाचे चार करतेत. मंग माह्या मेलेल्या नवऱ्याचे किती धरले?"

मला हसू आलं आणि तिलाही. पण माझं म्हणणं कोंड्याबरोबर उडून गेलं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर टोल्याची बैठक होती. बोडीत सोडलेले मासे यंदा कोणी राखायचे हे ठरवायचं होतं. मोठ्या मोहाच्या झाडाखाली सगळे जमले, बाया एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. दोन नावं आली. दोघांच्या पुढे पळसाच्या पानाचा एकेक द्रोण ठेवला गेला. प्रत्येक मोठ्या माणसाला एक टोरी, म्हणजे मोहाची बी, देण्यात आली. ज्याला जो पसंत त्याच्या द्रोणात त्याने ती टाकायची, सगळ्यांच्या देखत. आमच्याकडे अशा कामाला चिठ्ठ्या टाकतात, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचं होतं. मी डोळे मोठे करून बघत होते.

रामलाल नावाच्या एका माणसाने द्रोणावर हात नेला आणि मोठी माय बसल्या जागेवरून म्हणाली, "हात दाखव."

हातात दोन टोऱ्या होत्या. "बाई, भाऊ नागपूरले गेला ना कामावर. त्याची टाकून राहिलो."

"भाऊ आला का टाकेल. तुहा हात एक, तुही टोरी एक."

"रामलाल, बायकाबी दोन करशील का?" कुणीतरी मागून बोललं आणि सगळे हसले. रामलालने दुसरी टोरी परत ठेवली. तो हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. इथे दोन टोऱ्या टाकणं म्हणजे केवढी नामुष्की आहे, हे त्याच्या कानांवरून दिसत होतं.

राखणदार ठरला. मग दुसरा प्रश्न निघाला, मासे व्यापाऱ्याला विकायचे की टोल्यातच वाटायचे. द्रोण रिकामे केले, टोऱ्या पुन्हा वाटल्या आणि पुन्हा प्रत्येकाने एकेक टाकली.

मी ममताचा हात धरला. तिलाही तेच सुचलं होतं. "तिला वाटलं, आपण चोरी करतोय," ती हळूच म्हणाली. "म्हणून एकच दाबलं. मायशी त्याचा काही संबंधच नव्हता."

चुलीपाशी

ममताने घरी आल्याबरोबर आईला सांगितलं. मावशी तांदूळ निवडत होती. निवडायची थांबली. एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "पाच वर्षं मी तिच्यासंगं नीट बोललो नाई." आणखी थोड्या वेळाने, "आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

सकाळी मी दात घासत अंगणात उभी होते. धुकं होतं. मावशी आपल्या चुलीवरून उठली, अंगण ओलांडून गेली आणि मोठ्या मायच्या चुलीसमोर उकिडवी बसली. ममता म्हणाली, आईला तिथे बसलेलं तिने मागच्या निवडणुकीनंतर पाहिलंच नव्हतं.

"बाई, मले तुमचं मत पाहिजे."

मोठी माय चहात गूळ टाकत होती. वर न बघता म्हणाली, "मागितलं का कधी?"

मावशीने पदर खांद्यावर ओढून घेतला. मला वाटलं ती उठून येते. पण ती बसून राहिली.

"बोडीच्या बैठकीत तुमी टोरी दोनदा टाकली ना?"

"टाकली. गोष्टी दोन होत्या."

"तिथं गोष्टी चार हायेत. एकाच दिवशी, एकाच खोलीत. सरपंच कोण, हे एक. आपल्या वार्डातून बाई कोण, हे दुसरी. आणखी दोन मानसं कोण कोण, अशा चार. एका गोष्टीले एकच टोरी. दोन नाई टाकत कोणी."

मोठ्या मायने फुंकणीने चूल फुंकली. चूल पेटलेलीच होती, तरी फुंकली.

"मंग साहेबानं असं सांगाचं ना. नुसतं दाबा दाबा करे." थोडं थांबून ती म्हणाली, "म्हणजे मागच्या बारीले तुही गोष्ट आली आन् मी ऐकलीच नाई."

"नाई ऐकली."

"मले मालूम नोतं, यशोदे."

"मलेबी मालूम नोतं, बाई."

दोघीही चुलीकडे बघत होत्या. मला आत निघून जावंसं वाटत होतं, पण ब्रश तोंडात तसाच धरून मी उभी राहिले. आता सगळं जुळलं, आता ही म्हणणार की मत तुझंच, असं मला वाटलं. मोठ्या मायने चहा गाळला, एक कप जावेच्या हातात दिला आणि म्हणाली, "बरं. आता ऐकतो. तुले काऊन देऊ?"

मावशीने चमकून वर पाहिलं. "मी तुमची देरानी हावो." देरानी म्हणजे धाकटी जाऊ.

"देरानी तं मत नाई देल्लं तरी रायशील. तिकडच्या बाईनं हातपंप करून देतो म्हणून सांगितलं. तू काय करशील?"

घरोघर फिरताना मावशीला हा प्रश्न कुणी विचारलेला नसावा. टोल्यात सगळे आपलेच. कागद द्यायचा, छत्री म्हणायचं आणि पुढे जायचं. तिने कप दोन्ही हातांत धरला.

"ग्रामसभा नेहमी तिकडं होते," ती शेवटी म्हणाली. "नाल्यापलीकडं. आपल्या बाया जात नाईत. गेल्या तं दारात उभ्या रायतेत, आतलं ऐकू येत नाई, मंग अंगठा देऊन परत. वर्षातून एक सभा मी इथं घ्याले लावतो. मोहाखाली. सरपंच, ग्रामसेवक इथं येतील. आपण बसून ऐकू."

"आणखी?"

"आणखी मले नाई मालूम, बाई. होईल तेवढंच सांगतो."

मोठ्या मायने मान हलवली. "हे बरं," म्हणाली. मत देते असं मात्र म्हणाली नाही. मावशी उठून आली तेव्हा तिचा चेहरा हसरा होता की रडवेला, मला सांगता येत नाही. त्या दिवशी दुपारी मोठ्या मायच्या घरून आमच्याकडे कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या आल्या आणि कप परत करायला मावशी स्वतः गेली.

मतदान

मतदान नाल्यापलीकडच्या शाळेत होतं. आमच्याकडे या दिवशी गाड्या फिरतात, म्हाताऱ्या माणसांना उचलून आणतात, झाडाखाली पॅनेलवाले मोजत बसलेले असतात. इथे टोल्यावरच्या बाया सकाळी धुतलेली लुगडी नेसून रांगेने चालत निघाल्या. वाटेत ऐनाच्या एका झाडाला, ज्याला टोल्यात देव मानतात, एकेकीने हात जोडले. मीही जोडले.

मी तिथली मतदार नव्हते, म्हणून रस्त्याकडच्या चहाच्या टपरीवर थांबले. मोठी माय आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. "म्हातारी झोपली का आत?" कुणीतरी म्हणालं. शेवटी ती आली, पदर सारखा करत, घाई नसल्यासारखी.

ममता धावत गेली. "मोठी माय, किती दाबले?"

"चार. एकेक वाचून पायली, चित्रं."

"मायले देल्लं ना?"

मोठी माय थांबली. "कोणाले देल्लं ते सांगाचं नाई म्हणे. साहेबानं भिंतीवर लिवूनच ठेवलं हाय, शाई लावणाऱ्या पोरीनं वाचून दाखोलं."

"घरच्यालेबी नाई?"

"घरच्यालेबी नाई."

तिच्या मागून निघालेल्या म्हाताऱ्या बायाही तेच म्हणायला लागल्या. मागच्या वेळी भर अंगणात सांगणाऱ्या बायांनी या वेळी तोंडाला कुलूप लावलं होतं. यशोदामावशी दारापाशी उभी होती. प्रत्येकीकडे ती बघायची, आणि प्रत्येक बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून पुढे जायची. त्या हाताचा अर्थ काय घ्यायचा, ते तिला कळेना. मलाही कळत नव्हतं.

देवरी आणि परत

मतमोजणी देवरीला होती. तहसीलच्या आवारात धूळ, गुलाल, भज्यांचा वास आणि नावं पुकारणारा कर्णा. मावशी, ममता आणि मी एका भिंतीच्या सावलीत बसलो होतो. मावशीने सोबत आणलेलं काही खाल्लं नाही. ममताच्या गावाचं नाव आलं. नाल्यापलीकडची बाई निवडून आली होती. मावशीला या वेळी मागच्यापेक्षा जास्त मतं पडली होती, पण पलीकडची वस्तीही आता वाढली होती.

मावशी रडली नाही. "चला, जीप भेटणार नाई मंग," एवढंच म्हणाली. जीपमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "कोण उभं होतं तुमचं?" मावशी म्हणाली, "मीच."

टोल्यावर आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. निकाल आमच्या आधी पोचला होता. पुरुष मोहाखाली बसले होते. रामलाल उठून म्हणाला, "वयनी, पुढच्या बारीले पाहू." मावशीने मान हलवली आणि अंगणात गेली. पाय धुवायला वाकली, तेवढ्यात मोठी माय आपल्या चुलीपाशून म्हणाली,

"सभा कधी घेतो मंग?"

"कोणती सभा, बाई?"

"मोहाखाली. तूच म्हणलं ना."

मावशी तशीच वाकलेली राहिली. "बाई, मी हारलो ना."

"हारली तं हारली. म्या तुही गोष्ट ऐकून बटन दाबली. सांगितलेलं कर."

ममताने तोंडावर ओढणी धरली होती. पडलेल्या उमेदवाराने काही करायचं नसतं, उत्तर द्यायचं ते निवडून आलेल्याने, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो आहोत. मोठ्या मायला ते सांगावं का, असं एकदा माझ्या मनात आलं. पण मी गप्प राहिले, आणि बरोबर केलं की चूक, हे अजून ठरवता आलेलं नाही.

मावशीने तांब्यातलं उरलेलं पाणी पायांवर ओतलं, सावकाश, दोन्ही पायांवर. मग सरळ उभी राहिली.

"ग्रामसेवक सोमवारी येते तिकडं," ती म्हणाली. "जाऊन इचारतो त्याले."

"एकटी नोको जाऊ," मोठी माय म्हणाली. "मीबी येतो."